बिनसिलिंडरचा बुडबुडा

आमच्या मिलिंदआबांसमोर पृथ्वी गोल आहे असं सहज म्हणून बघा. आबा हातातली सोड्याची बाटली खाली ठेवतील, शर्टाच्या खिशातलं पेन काढतील, माझ्या दुकानातून एक कोरा कागद उचलतील आणि तो तुमच्यापुढं धरून म्हणतील, "लिहून दे."

"अहो आबा, सगळ्या जगाला माहीत आहे."

"मग लिहायला काय झालं? खाली सही कर. तारीख टाक."

बहुतेक लोक इथंच गार पडतात. उद्या नक्की पाऊस येणार म्हणणारे, यंदा सोयाबीन भाव खाणार म्हणणारे, आमच्या गल्लीतली गटार दिवाळीपर्यंत होणार म्हणणारे, सगळे कागद बघितला की चहा अर्धा टाकून उठतात. ज्यांनी कधीकाळी तोंडाच्या भरात लिहून दिलं, त्यांचे कागद आबांच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. गटारीवाला कागद दर दिवाळीला बाहेर निघतो आणि आबा तो मोठ्यानं वाचून परत आत ठेवतात.

कागद माझे जातात. कळंबच्या बसस्टँडच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून आबांचा गोटी सोड्याचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक हातानं फिरवायचं लोखंडी मशीन, एक गॅसचं सिलिंडर आणि जाड हिरव्या काचेच्या बाटल्या. बाटली भरायची, गॅस सोडायचा आणि मशीनमध्ये ती उलटी फिरवायची. उलटी झाली की आतली गोटी गळ्याशी येते आणि गॅसच्या जोरानं रबरी वायसरला घट्ट चिकटून बसते. अंगठ्यानं गोटी आत दाबली की फट् असा आवाज होतो. तो आवाज ऐकत मी पंधरा वर्षं लोकांचे उत्पन्नाचे दाखले काढतोय.

या धंद्यापायी आबांना एक खोड लागली आहे. कुठलीही बंद बाटली दिसली की ते ती आधी उलटी करून बघतात. लग्नाच्या पंगतीत पाण्याची बाटली उलटी, मेडिकलच्या काउंटरवर खोकल्याचं औषध उलटं. एकदा माझ्या सासूबाईंनी दिलेलं लिंबाचं लोणचं त्यांनी असंच उलटं केलं आणि झाकण सैल निघालं. त्या दिवसापासून सासूबाई आबांचं नाव काढत नाहीत.

हा सोडा आबांच्या वडिलांनी सुरू केला. आम्ही एकाच वस्तीतले, बौद्ध. त्या काळी आमच्या हातचं पाणी न पिणारी माणसं गोटी सोडा मात्र प्यायची, कारण बाटली बंद असायची. तरी तिचं तोंड स्वतःच्या तांब्यातल्या पाण्यानं दोनदा धुवायची. आबांचे वडील काही बोलायचे नाहीत, फक्त उभे राहून ढेकराची वाट बघायचे. ढेकर आला की म्हणायचे, "आला का? आमालाबी असाच येतो." आबांचा सगळा स्वभाव या एका वाक्यातून उतरला आहे असं मला वाटतं.

असा हा माणूस. कुणाला भ्यायचा नाही, कुणाचं ऐकायचा नाही. पोटात दारूचा थेंब कधी गेला नाही, विडीला हात लागला नाही. आणि त्याच माणसानं गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी सोड्याच्या भावाचा फळा पुसला आणि त्यावर खडूनं लिहिलं: "वाइन कारखाना पाहणी. बुडबुड्याची वाइन कशी करतात ते बघणे. रेल्वेने. एक दिवस. इच्छुकांनी नाव द्यावे."

दुपारपर्यंत सात नावं आली. सातही जणांचे चेहरे उजळलेले होते. एकानं तर हळूच विचारलं, "आबा, तिथं चाखायला देतात म्हणं?"

आबांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग खडू घेतला आणि खाली ओळ वाढवली: "पिणाऱ्यांनी येऊ नये. तसे लिहून द्यावे."

सातही नावं संध्याकाळपर्यंत गळाली. आता उरले न पिणारे. पण न पिणाऱ्यांना भीती अशी, की वाइनच्या कारखान्यातून येताना कुणी बघितलं तर काय? म्हणजे पिणाऱ्यांना आबा नेईनात आणि न पिणारे आबांबरोबर येईनात. फळ्यावर दुसऱ्या दिवशी एकच नाव राहिलं, माझं. तेही मी दिलेलं नव्हतं. आबांनी परस्पर लिहिलं होतं.

"मला विचारलं का तुम्ही?"

"तिकीट कोन काढनार मग? तुझ्याकडंच इंटरनेट हाय."

इथं थांबून मला प्रज्ञाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

प्रज्ञा ही आबांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती दहावीत असताना गेली. त्यानंतर ती याच दुकानात बाटल्या घासत, मधेमधे माझ्याकडं येऊन प्रश्नपत्रिका झेरॉक्स करत मोठी झाली. लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, मग पुण्याला, आणि दौंडच्या बाजूला एका वाइनच्या कारखान्यात तिला नोकरी लागली. बुडबुड्याची वाइन बनवतात त्या तळघराचं काम तिच्याकडं. तेव्हा आबांना आनंद कशाचा झाला असेल तर वाद घालायला नवा विषय मिळाला याचा. सुट्टीला आली की बापलेकीचं सुरू.

"गॅस कुठनं सोडता?"

"सोडत नाही आबा. बाटलीतच तयार होतो."

"सिलिंडर न लावता?"

"न लावता."

"प्रज्ञे, म्या चाळीस वर्षं गॅस भरतोय. सिलिंडरबिगर बुडबुडा येत न्हाय."

"येतो."

"लिहून दे."

आणि तिनं लिहून दिलं. माझाच कागद, माझंच पेन. 'गॅस बाटलीतच तयार होतो. सिलिंडर लागत नाही.' सही, तारीख. आबांनी तो कागद डब्यात ठेवला आणि दिवसभर मशीन फिरवताना स्वतःशीच हसत राहिले.

मग दोन वर्षांपूर्वीचं ते झालं. आमच्या वस्तीतल्या विहारात पावसाळ्यातला कार्यक्रम होता. प्रज्ञा सुट्टीवर आलेली. तिचा आवाज चांगला, म्हणून पंचशील तिनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी तिच्यामागून, असं दरवर्षीचंच होतं. चार शीलं झाली. पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं. ती ते म्हणायला लागणार तेवढ्यात विहाराचे खजिनदार, ज्यांना सगळे बापू म्हणतात, मागून बोलले, "पाचवं दुसऱ्या कुणीतरी म्हणा. दारूच्या कारखान्यात नोकरी करणारीनं ते म्हणू ने."

प्रज्ञानं बापूंकडं बघितलं नाही, आबांकडं बघितलं. आणि सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा लिहून मागणारा तो माणूस त्या वेळी खाली मान घालून सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत बसला. मीही तिथं होतो आणि मीही गप्प बसलो, खोटं कशाला सांगू.

ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेली. तेव्हापासून फोन येतो, गोळ्या घेतल्या का विचारते, पण कळंबला पाऊल नाही. यंदाच्या बुद्धपौर्णिमेलाही येणार नाही, असं तिनं एप्रिलमध्ये फोनवर सांगितलं. आबांनी फोन ठेवला, सकाळ होऊ दिली आणि फळा पुसला.

फळ्याची बातमी अर्थातच बापूंपर्यंत गेली. बापू आले ते चपला न काढता दारातच उभे राहिले.

"आबा, हे बरं दिसतं का? विहारात तुमचा मान हाय. तुमी वाइनच्या तळघरात जानार? लोक काय म्हनतील?"

आबांनी मशीन थांबवलं. "बापू, पाचवं शील काय हाय? न पिण्याचं का न बघण्याचं?"

"न पिण्याचंच, पर..."

"बघू ने असं कुठं असंल तर दावा मला. न्हायतर लिहून द्या, 'मिलिंदनं बघू ने.' खाली सही करा. म्या न्हाय जात मग."

मी कागद पुढं केला. बापूंनी कागदाकडं बघितलं, आबांच्या भुवईवरच्या खुणेकडं बघितलं (एकदा बाटली फुटून काच लागली होती), आणि उकाडा फार वाढलाय असं काहीतरी बोलून ते गेले.

मग बेत आखायला सुरुवात झाली. मी म्हटलं, एसटीनं जाऊ, सोपं पडेल. आबा म्हणाले, "न्हाय. रेल्वेनंच. ती ज्या गाडीनं जाते त्याच गाडीनं." मग बहुधा जास्त बोलल्यासारखं वाटलं म्हणून पुस्ती जोडली, "एसटीच्या धक्क्यानं गोट्या उठतात."

"कसल्या गोट्या?"

तर आबा तिकडं चार सोडे घेऊन जाणार होते. कारखान्यातल्या लोकांना दाखवायला, की बुडबुडा याला म्हणतात.

फळ्यावर वेळापत्रक चढलं. ते मी इथं आठवतं तसं देतो. कळंब ते धाराशिव स्टेशन मोटारसायकल, दीड तास. धाराशिव ते दौंड रेल्वे, गाडीच्या मर्जीप्रमाणे. दौंडला रिक्षावाल्याशी वाद, पंधरा मिनिटं. रिक्षाचा प्रवास, पाऊण तास. पाहणी, एक तास. प्रश्न, एक तास. उत्तरं, दहा मिनिटं. इतर, पाच मिनिटं. परत.

"इतर म्हणजे काय?" मी विचारलं.

"इतर म्हंजे इतर."

"प्रज्ञाला कळवलं का?"

आबा फळ्यावरच्या एका अक्षराचा पाय नीट करत राहिले. "तिला कशाला कळवायचं? आपन कारखाना बघायला चाललोय. तुज्या नावावर नोंद कर."

मी माझ्या नावावर दोन माणसांची नोंद केली. 'आपल्याला विशेष काय आवडेल?' असा एक रकाना फॉर्ममध्ये होता. आबांनी मागून वाकून सांगितलं, "लिही, सिलिंडर."

ठरल्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता निघालो. आबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. मागच्या सीटवर बसून त्यांनी मांडीवर चार बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून धरल्या होत्या, आणि खड्डा आला की ते बाटल्यांना जपत, मला नाही. धाराशिवला रेल्वेत बसलो, तर समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, लग्नाला निघाला का? आबा म्हणाले, "न्हाय. वाइनच्या कारखान्याला." असे म्हणाले की सगळ्या डब्याला ऐकू जावं. बाईंनी पोरीला जवळ ओढलं. पुढं कुर्डुवाडीपर्यंत जो कुणी बोलेल त्याला आबा आपण होऊन हेच सांगत होते, आणि कुणी नाक मुरडलं की त्यांना बरं वाटत होतं. मी मात्र खिडकीतून बाहेर बघत बसलो.

दौंडला रिक्षावाल्याशी वाद झाला, पण तो बारा मिनिटांत मिटला. वाचलेली तीन मिनिटं आबांनी माझ्याकडून लिहून घेतली.

कारखान्याच्या फाटकावर रखवालदारानं पोतं उघडायला लावलं. "काका, बाहेरचं पेय आत नेता येत नाही."

"पेय न्हाय हे. सोडा हाय."

"तेच ते. नियम आहे."

आबा माझ्याकडं वळले. "बघितलंस का? वाइन चालती, सोडा चालत न्हाय." मग रखवालदाराला म्हणाले, "ठेवून घ्या. पर लिहून द्या. चार बाटल्या, गोट्यांसकट." त्या भल्या माणसानं खरोखर लिहून दिलं आणि बाटल्या टेबलाखाली सावलीत ठेवल्या.

आत आमच्याबरोबर पुण्याची आठ-दहा माणसं होती, टोप्या आणि गॉगल घातलेली. एक हसऱ्या तोंडाची मुलगी सगळं दाखवत होती. पायऱ्या उतरून तळघरात गेलो तसा अंगावर गारवा आला. लांबच लांब लाकडी फळ्या, त्यांना भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकात एकेक बाटली तोंड खाली करून खोचलेली. शेकडो बाटल्या, सगळ्या उलट्या. आबा दारातच थांबले. त्यांनी माझा दंड धरला.

"उलट्या ठेवल्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "बराबर हाय."

पण लगेच सावरले आणि त्या मुलीला विचारलं, "सिलिंडर कुठाय?"

"सिलिंडर नसतं काका. गॅस बाटलीतच तयार होतो."

आबांचा हात खिशातल्या पेनाकडं गेला. ती हसली. "थांबा, आमच्या सेलरच्या, म्हणजे या तळघराच्या मॅडमनाच बोलावते. त्या नीट सांगतील."

निळा कोट, पायात रबरी बूट, केस घट्ट बांधलेले, अशी प्रज्ञा फळ्यांच्या रांगेमागून आली आणि आम्हाला बघून जागच्या जागी उभी राहिली. आबा ताठ उभे होते. तेच आधी बोलले.

"मॅडम, आमी कळंबहून आलो. गॅस कुठनं येतो, तेवढं सांगा."

तिनं ओले हात कोटाला पुसले. मग ती बोलायला लागली, पुण्याच्या माणसांकडं बघत, पण सांगत होती एकालाच. तयार वाइनमध्ये जराशी साखर आणि यीस्ट घालायचं आणि बाटली बंद करायची. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं. बाटली बंद, त्यामुळं गॅसला जायला जागा नाही, तो वाइनमध्येच मुरतो. अशा बाटल्या अंधारात महिनोनमहिने ठेवायच्या. मग तोंड खाली करून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे मेलेलं यीस्ट, सगळा गाळ, गळ्याशी येऊन बसतो. शेवटी बाटली क्षणभर उघडली की आतल्या जोरानंच गाळ बाहेर फेकला जातो.

"रोज कोन फिरवतं?"

"मी फिरवते. आणि माझी माणसं."

"हातानं?"

"हातानं."

तिनं एक बाटली धरून दाखवली, मनगटाचा एक छोटासा झटका, पाव फेरा. मी ते मनगट ओळखलं. आबा सोड्याचं मशीन सुरू करताना हाताला तस्सा झटका देतात.

"गाळ येऊन बसायला किती वेळ लागतो?" आबांनी विचारलं.

"बाटलीवर असतं ते. काहींना लई दिवस लागतात." एवढा वेळ पुण्याच्या मराठीत बोलत होती, तिचा हा 'लई' मधेच निसटला.

आबांनी प्रश्नांसाठी एक तास राखून ठेवला होता. पुढचा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही.

वर आल्यावर सगळ्यांपुढं ग्लास ठेवले. आबांनी आपल्या ग्लासवर तळहात ठेवला. "मला पाचवं शील हाय," ते म्हणाले, आणि शेजारच्या गॉगलवाल्यानं बरं बरं म्हणून मान हलवली. पण आबांनी ग्लास परत दिला नाही. त्यातले बुडबुडे तळापासून ओळीनं वर येताना ते कितीतरी वेळ बघत राहिले. प्रज्ञा दाराशी उभी होती. काम आहे म्हणून निघून गेली नव्हती आणि जवळही आली नव्हती.

बाहेर पडायच्या वाटेवर टेबलावर अभिप्रायाची वही होती. गॉगलवाल्यांनी दोन दोन शब्द लिहिले आणि गेले. आबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि लिहायला बसले. मला इतकी वर्षं प्रश्न पडलेला की हा माणूस सगळ्यांकडून लिहून घेतो, स्वतः कधी कुणाला काही लिहून देतो का? मी मागून वाकून वाचलं.

'सिलिंडर आढळले नाही. बाटल्या उलट्या ठेवल्या आहेत, ते योग्य आहे. प्रज्ञाचे म्हणणे खरे निघाले. दोन वर्षांपूर्वी विहारात तिला बोलले गेले, तेव्हा मी, तिचा बाप, गप्प बसलो. ती माझी चूक होती. लिहून दिले असे. मिलिंद सोडावाले, कळंब.'

त्यांनी वही फिरवून तिच्याकडं सरकवली आणि पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न करत राहिले. ते काही बसेना. प्रज्ञानं वाचलं. परत वाचलं. डोळे कोटाच्या बाहीनं पुसले.

"तारीख राहिली, आबा," ती म्हणाली.

आबांनी तारीख टाकली.

फळ्यावरच्या त्या 'इतर, पाच मिनिटं'चा पाऊण तास झाला. ती फाटकापर्यंत आली. रखवालदारानं कागद बघून चारही बाटल्या मोजून परत दिल्या. आबांनी एक उघडली, अंगठ्यानं, फट्, आणि प्रज्ञाच्या हातात दिली. एक रखवालदाराला, एक मला, एक स्वतःला. प्रज्ञा बाटली तोंडाला लावून उभ्या उभ्या गटागटा प्यायली आणि तिला मोठ्यानं ढेकर आला, निळ्या कोटात, सगळ्या माणसांसमोर.

"आला का?" आबा म्हणाले. आणि त्यांनी स्वतःची बाटली तोंडाला लावली.

रिक्षात बसता बसता ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "पौर्णिमेला आलीस तर पाचवं शील तूच म्हनायचं. कुनी काय बोललं तर म्या हाय तिथं. या खेपेला म्या बसलेला नसनार, उभा असनार."

"येते," प्रज्ञा म्हणाली.

पंधरा वर्षांची सवय. माझा हात आपोआप पिशवीत गेला आणि मी एक कोरा कागद काढून आबांच्या पुढं धरला. आबांनी तो घेतला. त्याची घडी घातली आणि रिक्षाच्या सीटवरची धूळ पुसली.

"चल," ते म्हणाले, "गाडी चुकंल."